आमचे कागद, साहेबांची ट्रंक

"तू तेची बायल कशावरून?"

कॅप्टनसाहेबांनी मला हे त्यांच्या खळ्यात विचारलं. घरापुढच्या सारवलेल्या अंगणाला आमच्याकडे खळं म्हणतात. मी खळ्यात उभी होते. साहेब वर पडवीत, खुर्चीत. त्यांच्या दोन्ही बाजूंना गावातले दोन पेन्शनर, तेही खुर्चीत, हातात बशा. नवरा जाऊन दीड महिना झाला होता. माझ्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत त्याच्या मृत्यूचा दाखला.

"फौजेच्या कागदार एक नाव, रेशन कार्डार दुसरा," साहेब म्हणाले. "माका फौजेतला काय सांगतंस? कितीकांच्यो दोन दोन बायलो निघतत. एक गावाक आणि एक थंय."

दोघे पेन्शनर हसले. मोठ्यानं नाही. चहा फुंकता फुंकता हसतात तसे.

सव्वीस वर्षांचा संसार. त्यातली बरीच वर्षं तो सरहद्दीवर आणि मी इथं त्याच्या म्हाताऱ्या आईच्या उशापायथ्याशी. वर्षातून दोन महिने सुट्टीचा नवरा. लग्न झालं तेव्हा ह्याच साहेबांच्या घरी पाया पडायला आणली होती मला, ह्याच खळ्यात. मी काहीतरी ठणकावून बोलायला हवं होतं. तोंडातून एवढंच आलं, "सायेब, तुम्ही माका वळखतास मां?"

"मी वळखतंय गो. सरकार खंय वळखता? वायच थांब. थंय वयनी एकटी आसा, तिच्यावांगडा रातांबे फोडूक बस. मगे बघूया तुझा."

मी बसले. मागच्या दारी वयनींपुढं, म्हणजे साहेबांच्या बायकोपुढं, गोणपाटावर रातांब्यांची रास होती. रातांबा म्हणजे कोकमाचं फळ. फोडायचं, गर एकीकडे, साल एकीकडे. दोन तासांत हात मनगटापर्यंत लाल होतात आणि नखांच्या कडा आंबटानं चुरचुरतात. संध्याकाळ झाली. साहेब झोपून उठले आणि मला म्हणाले, "आता उशीर झालो. फुडच्या आयतवारी ये."

मी "बरां" म्हणून घरी आले. त्या वेळी मला ह्यात काही वावगं वाटलं नाही, हे आधी कबूल करते. अपमान झाला हे कळलं. पण अपमान हा त्या खळ्यातला रोजचाच होता, त्यासाठी कुणी घरी येऊन रडत बसत नाही.

दोन नावांचं सांगते. एक माहेरचं, शाळेच्या दाखल्यावरचं. दुसरं लग्नात ठेवलेलं. आमचं लग्न बुद्धवंदना म्हणून झालं. आम्ही बौद्धवाडीतले. देव गेले, उपास गेले, पण नवरीचं नाव बदलायची रीत काही सुटली नाही. सासूला हौस. ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं नवीन नाव लिहिलं. पुढं त्यानं पलटणीत लग्न कळवलं तेव्हा तिथल्या क्लार्कनं पुरावा मागितला. माझ्याकडे पुरावा एकच, सातवीचा दाखला. म्हणून फौजेच्या कागदावर माहेरचं नाव गेलं. गावात रेशन कार्ड, मतदान, घरपट्टी, सगळं नव्या नावानं. आमच्याकडे अर्ध्याअधिक बायकांचं असंच आहे. घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही. नवरा जिवंत असेपर्यंत बाईचं नाव विचारतो कोण? ती दोन्ही नावं मी इथं लिहीत नाही. सांगून सांगून कंटाळा आलाय.

तर पेन्शन अडलं ते ह्यावर. नवऱ्याचं पेन्शन तो गेल्यावर बंद झालं आणि बायकोचं चालू होईना. मला वाटलं, साहेब करतील. आजवर वाडीतल्या सगळ्यांचं साहेबांनीच केलं होतं.

कॅप्टनसाहेब हे गावातल्या मानकऱ्यांच्या घरातले. फौजेत सुभेदार होते, रिटायर होताना कॅप्टनचा मान मिळाला. त्यांचे वडीलही फौजेतले. त्या वडलांनीच माझ्या सासऱ्याला भरतीला नेलं होतं. नुसतं सासऱ्याला नाही, वाडीतल्या त्या वयाच्या सगळ्यांनाच. सासरा मरेपर्यंत सांगायचा, आपली भाकर त्या घरामुळे. त्यानं छातीवर घेतलेली थंडी, पायाची गेलेली बोटं, ते सगळं त्याच्या हिशेबी नव्हतंच. भाकर त्या घरामुळे.

आणि त्या घरात एक ट्रंक होती. काळी, पत्र्याची, वर पांढऱ्या रंगात पलटणीचा नंबर. वाडीतल्या घरांना तेव्हा गवताचं छप्पर. पावसाळ्यात घरात गळायचं, कपडे कुजायचे, कागद कुठं टिकणार? म्हणून फौजेतून सुटून आलेला वाडीतला प्रत्येक माणूस आपलं डिस्चार्ज बुक आणि बाकीचे कागद साहेबांच्या वडलांकडे नेऊन ठेवायचा. ते ट्रंकेत जायचे. डांबराच्या गोळ्या टाकून, नाडीनं गठ्ठा बांधून. हवे तेव्हा जायचं, मागायचे. वडील गेले, ट्रंक साहेबांकडे आली.

माझा नवरा हवालदार म्हणून रिटायर झाला. आलेल्या पैशात त्यानं चिऱ्याचं घर बांधलं. वर कौलं, खाली लादी. त्या घरात एक थेंब गळत नाही. लोखंडी कपाट आणलं, त्याला चावी आहे. आणि घर बांधून झाल्यावर हा माणूस आपले सगळे कागद घेऊन साहेबांच्या ट्रंकेत ठेवायला गेला. मी बरोबर होते. मीसुद्धा विचारलं नाही, का म्हणून. बाप ठेवायचा म्हणून पोरानं ठेवले. आम्हांला खुळेपणा शिकवायला बाहेरचा माणूस लागला नाही, तो आमचा आम्हीच केला.

त्या दिवशी त्यानं खळ्याबाहेर चपला काढल्या. खळ्यात उभा राहिला, टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट मारला. अनवाणी. साहेब पेपर वाचत होते. त्यांनी पेपरामागून मान हलवली. बर्फात ह्या माणसाच्या हाताखाली दहा-दहा जणं असायची. त्यांतले कोण पडवीत बसणाऱ्या घरांतले, कोण देवळाचे मानकरी. सगळे त्याच्या हुकमावर उठायचे आणि एका डेगचीतलं जेवायचे. वाटेत येताना मी म्हटलं, "फौजेत तुमी असे हुबे रवत होतास?"

"फौजेत जात नाय," तो म्हणाला. "थंय वर्दी आसा."

"आणि हंय?"

"हंय गाव आसा."

घरी येऊन मी भाताला आधण ठेवलं.

तर मी दर रविवारी जायला लागले. बाकी सहा दिवस काजूच्या कारखान्यात, सातवा दिवस साहेबांच्या खळ्यात. उन्हाळ्यात रातांबे. पावसाच्या आधी सरपणाची लाकडं आत भरणं. गणपतीच्या आधी मागच्या दाराचं रान काढणं. मग सोपाऱ्या सोलणं, मग काजूच्या बागेत पातेरा, म्हणजे सुका पाला, जाळणं. काम कुणी 'कर' म्हणून सांगायचं नाही. साहेब म्हणायचे, "वायच बघ गो थंय." आणि बघितलं की काम दिसायचंच. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. हरीला निदान एकदाच धरावे लागले.

चहा मिळायचा. वयनी वाईट बाई नाही. पेन्शनर आले की चिनी मातीच्या कपबश्या निघायच्या. मी गेले की कागदी कप. लग्नकार्यात वापरतात ते. त्याची एक मोठी माळ पडवीच्या खुंटीला टांगलेली असायची. पूर्वी आमच्या लोकांना करवंटीत ओतायचे, आता दुकानातून विकत आणतात. प्रगती झाली. चहा पिऊन झाला की कप मी स्वतः उचलून माडाच्या बुडात टाकायचे, वयनींना वाकायला नको म्हणून. हे मी दोन वर्षं केलं.

माझ्यासारखीच अजून एक यायची, भागूआये. ऐंशीच्या पुढची. तिचा नवरा जुना शिपाई, कधीचा गेला. तिचं पेन्शन चालू होतं, पण मध्येच बंद पडायचं आणि मग ती साहेबांकडे यायची. तिला आता काम होत नाही. तरी आली की खळं झाडायची. वाकूनच चालते, त्यामुळे झाडायला वेगळं वाकावं लागत नाही, असं तीच हसून सांगायची.

मी कधी विचारलं तर साहेब म्हणायचे, "धाडलंय. वर धाडलंय. सरकारी काम आणि सहा म्हयने थांब." तीन वेळा त्यांनी मला अर्ज लिहायला बसवलं. मजकूर ते सांगायचे, अक्षर माझं. खाली सही. सहीच्या वेळी दर वेळी तोच प्रश्न, "खंयच्या नावान करतंस? नीट ठरव." आणि बाजूला कुणी असलं की हसणं.

माझी मुलगी लग्न होऊन पेडण्याला असते. ती फोनवर म्हणायची, "आये, आता सगळा ऑनलाइन आसता. तू कित्याक तेंच्याकडे जातंस?" मी तिलाच ओरडायचे. तुका काय कळता फौजेतला? साहेबांका कळता. गरजवंताला अक्कल नसते, हे मी दुसऱ्यांना सांगायचे. स्वतःला लागू करायचं राहून गेलं.

मग ह्या वर्षी बँकेनं आधार कार्ड नवं करून आणायला सांगितलं. त्यासाठी कसालला गेले. हायवेच्या कडेला बाजारात नजमाचं दुकान आहे. झेरॉक्स, फॉर्म भरणं, लाइट बिल, सगळं. नजमाचे वडील बोटीवर होते. तिचं माहेर बंदराकडचं, बोलते आमच्यासारखंच. माझा नंबर आला तसा तिनं स्टूल पुढं सरकवलं आणि म्हणाली, "काकी, हंयसर बोट लाव."

लावलं. मशीनमध्ये लाल उजेड आला. दुसरं बोट. तिसरं. दहाही बोटं झाली. मशीन एकही घेईना.

"काजूत आसंस?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. काजूच्या सालीचं तेल कातडी खातं. बोटांच्या रेषा जातात. पोरगी माझ्या हाताकडे बघत होती आणि मला एकदम हसू आलं. माझं हसू बरं नव्हतं. साहेबांना नाव पटत नाही, मशीनला बोटं पटत नाहीत. मी कुणाची बायको हे राहू दे, मी मीच आहे हेही कुठं लागत नव्हतं. हसता हसता डोळे भरले. मागं रांग होती, त्यांची मला लाज वाटली.

नजमानं रांगेला थांबायला सांगितलं. "डोळ्यांचा घेतंय," म्हणाली. दुसरं मशीन काढलं, माझ्या डोळ्यांपुढं धरलं. "वायच डोळे पूस काकी, वल्ये डोळे घेवचा नाय ता." मी पदरानं पुसले. ह्या वेळी झालं.

रांग सरल्यावर तिनं विचारलं म्हणून मी सगळं सांगितलं. दोन नावं, दोन वर्षं. ती ऐकता ऐकता कंप्युटरवर काहीतरी बघत होती.

"साहेबांनी खंय धाडल्यानी अर्ज?"

"टपालान. वर."

"काकी, टपालान आता काय जायत नाय. कितकी वर्सां झाली. सगळा कंप्युटरार भरूचा लागता. नायतर ओरोसाक माजी सैनिकांचा ऑफिस आसा, थंय आपण गेला तरी चलता. कोणाचा वशिलो नको. दोन नावांचा ॲफिडेव्हिट होया, तेवढाच. काय काय फौजी लोक रिटायर होतानाच ता करून ठेयतत. तुझ्या घोवान केलेला आसात. कागद खंय आसत?"

"साहेबांच्या ट्रंकेत."

तिचा हात कीबोर्डवर थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

"तुझे कागद तेंच्या ट्रंकेत कित्याक?"

घरात गळतं, असं सांगणार होते. घरात गळत नाही. कपाट नाही म्हणणार होते. कपाट आहे. साहेबांना कळतं म्हणणार होते, आणि साहेबांना काय कळतं ते ती आत्ताच सांगून बसली होती. मी स्टुलावर बसून राहिले. ती बिचारी घाबरली, तिला वाटलं मला चक्कर आली.

परतीच्या एसटीत मी सगळ्यांवर चिडले. साहेबांवर, सासऱ्यावर. नवऱ्यावर तर सगळ्यात जास्त. दहा माणसांना हुकूम देणारा माणूस, स्वतःचं डिस्चार्ज बुक दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतो, आणि त्यासाठी चपला काढतो. मेलेल्या माणसावर चिडून काही होत नाही. तरी स्टॉप येईपर्यंत मी त्याच्याशी भांडत होते. उतरले तेव्हा दमले होते. दोन वर्षांत इतकी कधी दमले नव्हते.

दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता. कारखान्यात खाडा केला आणि गेले. धुतलेली साडी नेसले. चपला खळ्याबाहेर काढल्या नाहीत. खळ्यातून चालत गेले, पडवीच्या पायऱ्यांपाशी काढल्या, आणि पायऱ्या चढून वर गेले. खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसले.

साहेब आतून आले. बनियनवर होते. मला बघून तिथंच थांबले.

"काय गो? आज आयतवार खंय आसा? बाय, वयनी मागच्या दारी..."

"माझ्या नवऱ्याची कागदपत्रं मला परत हवी आहेत," मी म्हणाले.

हे मी ठरवून गेले होते. आमच्यात आपसात कुणी असं बोलत नाही. ही भाषा आम्ही तहसीलदारापुढं बोलतो, बँकेत बोलतो. साहेबांपुढं माझ्या तोंडून 'सायेब' आणि 'बरां' ह्यापलीकडं आजवर काही आलं नव्हतं.

"कागद खंय पळान जातत?" ते म्हणाले. "मी करतंय मां तुझा काम?"

"तुम्ही केलंत. आता मी करते. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, जे काही असेल ते सगळं द्या."

"म्हंजे मी काय चोर आसंय?"

"मी चोर म्हटलं नाही. माझे कागद मागितले."

वयनी दारात येऊन उभ्या राहिल्या. साहेब त्यांच्याकडे बघून म्हणाले, "बघ. बघ ह्यांचा. ह्यांच्यासाठी जन्म घालवलो." मग आतून किल्ली आणली. रागानं आणली, पण आणली. मला वाटलं होतं भांडण होईल. शब्द गोळा करून गेले होते. ते तसेच राहिले.

ट्रंक मधल्या खोलीत होती. मला आत या कुणी म्हटलं नाही. मी उठून दाराशी गेले आणि तिथून बघितलं. झाकण उघडलं तसा डांबराच्या गोळ्यांचा वास आला. आत गठ्ठे, एकावर एक. प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर नाव. सगळी आमच्या वाडीतली माणसं. निम्मी मेलेली. साहेब खाली बसून एकेक गठ्ठा डोळ्यांशी नेऊन वाचत होते. बराच वेळ लागला. त्यांना नीट दिसत नव्हतं.

माझ्या नवऱ्याचा गठ्ठा मी पडवीतच सोडला, खुर्चीत बसून, मांडीवर. डिस्चार्ज बुक. पेन्शनचा हुकूम. दोन मेडलांची पत्रं. आणि स्टँप पेपर, रिटायर झाला त्या वर्षीचा. त्यावर टाइप केलेलं, की हे नाव आणि ते नाव एकाच बाईची आहेत आणि ती माझी कायदेशीर पत्नी आहे. खाली त्याची सही, हवालदाराची, ठासून केलेली. नोटरीचा शिक्का.

माझ्या दोन वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर. साहेबांच्याच ट्रंकेत, साहेबांच्याच घरात. तू त्याची बायको कशावरून, असं ते मला खळ्यात विचारत होते, तिथून ह्या कागदापर्यंत वीस पावलं होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथं कळसा त्यांच्या काखेत आणि वळसा माझ्या पायांना.

त्याच्या खाली माझे तीन अर्ज होते. माझंच अक्षर. घडीसुद्धा न घातलेले.

"हे धाडले नाहीत," मी म्हणाले.

साहेब समोर उभे होते. ते म्हणाले, "टपालान आता घेयत नाय. परत येता. त्या कंप्युटरार..." आणि थांबले. मग हळूच म्हणाले, "माका ता जमना नाय."

म्हणजे एवढंच होतं. डाव नव्हता, वैर नव्हतं. त्यांना येत नव्हतं. काळ पुढं गेला होता आणि साहेबांचं ज्ञान ट्रंकेत राहिलं होतं. 'मला जमत नाही' हे तीन शब्द एका म्हारणीपुढं बोलायला त्यांना दोन वर्षं लागली, आणि ती दोन वर्षं मी रातांबे फोडले.

मला त्यांची दया आली. बनियनवरचा म्हातारा, हातात किल्ली, डोळ्यांना दिसत नाही. खरंच आली. आणि तीच दया मला सगळ्यात घातक वाटली. ह्या दयेतूनच मी उद्या पुन्हा "बरां सायेब" म्हणून खाली उतरले असते आणि वयनींना सोपाऱ्या सोलून दिल्या असत्या. त्यांनी वैर केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी कागद पिशवीत भरले आणि उठले.

"वयनी चाय करता," ते म्हणाले.

"नको."

"बाकीच्यांका काय सांगू नको."

त्यांनी हे विनवल्यासारखं म्हटलं. मी चपला घातल्या आणि खळ्याच्या मधून चालत बाहेर पडले.

ओरोसला मी एकटी गेले. तिथल्या बाईनं "बसा" म्हटलं, कागद उलटेपालटे करून बघितले, दोन झेरॉक्स कमी होत्या त्या आणायला सांगितल्या. आणल्या. बाकीचं नजमानं कंप्युटरवर भरलं आणि तिच्या दराप्रमाणे पैसे घेतले. फॉर्म भरताना तिनं पडदा माझ्याकडे वळवला होता. प्रत्येक रकाना मी वाचला, मगच तिनं पुढं नेलं. माझी सातवी इतक्या वर्षांनी कामाला आली.

पेन्शन अजून चालू झालेलं नाही. पडद्यावर 'प्रलंबित' येतं. मी अजून काजू सोलते. नाही झालं तर पुन्हा ओरोसला जाईन, आणि त्यांच्या वर कोण बसतं ते विचारून तिथं जाईन. मी दमलेली आहे. हे लिहितानाही दमलेली आहे. पण दमलेलं माणूसही चालतं, कारखान्यातली कुठलीही बाई बघा.

साहेब आता रस्त्यात भेटले तर बघत नाहीत. वाडीतल्या दोघांनी मला सांगितलं, म्हाताऱ्याचं मन दुखवलंस, तेंचे आपल्यार उपकार आसत. मी म्हटलं, उपकार मी दोन वर्षं फेडले, लाल हातांनी. तुमच्या वाट्याचे तुम्ही बघा.

काल भागूआयेकडे गेले. तिचं पेन्शन पुन्हा बंद पडलंय. तिच्या हयातीचा दाखला कुणी दिलाच नाही. साहेब म्हणाले होते, धाडलंय. मी तिला म्हटलं, आये, तुझे कागद मागून घेऊया.

"सायेब रागावतले गो," ती म्हणाली.

"रागावांदेत."

"माका भिया वाटता."

"माकाय वाटल्ला."

तिनं बोटांवर वार मोजले. मग म्हणाली, सोमवारी.

सोमवारी मी तिला घेऊन जाणार आहे. ती हळू चालते, म्हणून सकाळीच निघू. झाडू घ्यायचा नाही, हे तिच्याकडून कबूल करून घेतलंय. पडवीला चार पायऱ्या आहेत. तिच्यानं चढवल्या नाहीत तर मी तिला उचलून वर नेईन. खालून मागायचं नाही. वर जायचं, दोघींनी दोन खुर्च्या घ्यायच्या, आणि तिच्या नवऱ्याचा गठ्ठा तिच्या मांडीवर येईपर्यंत उठायचं नाही. त्यानंतर ट्रंकेत जे उरतात, त्यांची नावं मी दारातून वाचली आहेत. एकेक घर घेणार आहे.